पडद्यावरून पुस्तकात

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकात बसून मराठी विज्ञानकथेचा माग काढू लागलो, की सुरुवातीलाच 'चंद्रलोक' लागतो (योगायोग, दुसरे काय!). १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरून 'चंद्रलोकची सफर' येऊ लागली.

पडद्याचा मामला पुढचा. अमेरिकेत १९६९ साली 'स्टार ट्रेक' मालिका बंद पडली आणि पुढच्याच वर्षी जेम्स ब्लिशची 'स्पॉक मस्ट डाय!' ही कादंबरी निघाली. कथानक नवे, माणसे मालिकेतलीच. पात्रांची मालकी लेखकाकडे नव्हती, पण वाचक आयता मिळाला. १९७९च्या चित्रपटापर्यंत ते यान बरेचसे कागदावरच उडत राहिले.

आपल्याकडे वाट उलटी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकातून दूरदर्शनवर गेला. १९७४ साली जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली. नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. ब्लिशचे पुस्तक मात्र ओळखीच्या नावांवरच विकले जाणार होते.

मला नारळीकरांचा बाणा आवडतो. तरी एक उणीव खटकते: दिवाळी अंकातली विज्ञानकथा एका बैठकीत संपते, आणि पुढच्या दिवाळीला यान नवे, खलाशीही नवेच.