रोल फिल्म भरण्याची पद्धती आणि छायाचित्ररूप साधनांचे कालनिर्धारण : पेडगाव (जि. परभणी) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
स्थानिक इतिहासाच्या लेखनात कौटुंबिक छायाचित्रांचा वापर अलीकडे वाढला आहे. मात्र लिखित साधनांना लावली जाणारी चिकित्सा छायाचित्रांना क्वचितच लावली जाते. परभणी-मनमाड लोहमार्गावरील पेडगावसारख्या गावातील घरांतून जुनी छायाचित्रे गोळा करावयाची झाल्यास पहिली अडचण तारखेची येते. छायाचित्राच्या पाठीमागे बहुधा काहीच लिहिलेले नसते आणि घरातील ज्येष्ठांची आठवण एखाद्या दुष्काळाशी किंवा लग्नाशी जोडलेली असते. अशा वेळी निगेटिव्ह हे स्वतंत्र साधन ठरते. परंतु निगेटिव्ह वाचण्यासाठी ती कॅमेऱ्यात कशी भरली जात होती, हे अभ्यासकाला माहीत असावे लागते.

रोल फिल्मचा उदय :
काचेच्या पट्ट्यांवरील छायाचित्रण हे जड सामान बाळगणाऱ्या व्यावसायिकांचे क्षेत्र होते. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांचे काम याच परंपरेतील होय. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यात १०० चित्रांचा रोल आधीच भरलेला असे आणि रोल संपल्यावर संपूर्ण कॅमेराच कारखान्याकडे परत पाठवावा लागे. ग्राहकाने स्वतः, तेही उजेडात, रोल बदलावा ही सोय १८९० च्या दशकात झाली. फिल्मच्या पाठीशी काळा कागद, त्यावर छापलेले आकडे आणि ते पाहण्यासाठी कॅमेऱ्याच्या मागे लाल काचेची खिडकी, अशी ही साधी युक्ती होती. १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा ब्राउनी कॅमेरा आला आणि १९०१ मध्ये १२० क्रमांकाची फिल्म आली. ही फिल्म आजही तयार होते.

भरणीची प्रक्रिया :
मराठीत यासाठी ‘रोल टाकणे’ हाच शब्द रूढ झाला. आधीच्या रोलचे रिकामे झालेले रीळ काढून दुसऱ्या बाजूस बसवावयाचे, नवा रोल त्याच्या जागी ठेवावयाचा, कागदाची निमुळती जीभ रिकाम्या रिळाच्या फटीत अडकवून दोन-तीन वेढे द्यावयाचे आणि मागचे झाकण लावावयाचे. नंतर लाल खिडकीत १ हा आकडा दिसेपर्यंत कळ फिरवावयाची. यासिका-मॅटसारख्या दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्यात कागदावरील बाणाची खूण आतल्या खुणेशी जुळवून झाकण लावले की पुढील मोजणी यंत्र करीत असे. हे सर्व सावलीत करावे, रोल सैल सुटू देऊ नये, एवढे पथ्य होते. सैल गुंडाळलेल्या रोलच्या कडांतून प्रकाश शिरे. जीभ फटीतून निसटली तर फिल्म पुढे सरकतच नसे. लग्नाच्या १२ चित्रांपैकी एकही आले नाही, हे रोल धुतल्यावरच कळे आणि लग्न काही पुन्हा लावता येत नसे.

लाल खिडकीचाही एक इतिहास आहे. सुरुवातीच्या फिल्मला लाल रंगाचे संवेदन नसल्यामुळे ती खिडकी निर्धोक होती. सर्व रंगांना संवेदनशील अशी पँक्रोमॅटिक फिल्म प्रचलित झाल्यावर खिडकीवर सरकते झाकण बसविणे आवश्यक ठरले.

महाराष्ट्रात या अंधारातील कामाचे सर्वांत मोठे उदाहरण चित्रपटाचे आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. कच्च्या फिल्मच्या कडेला छिद्रे पाडल्याशिवाय ती त्या कॅमेऱ्यात चालत नव्हती. ते काम अंधारात सरस्वतीबाई फाळके करीत. छायाचित्रणाच्या इतिहासात कळ दाबणाऱ्याचे नाव नोंदले जाते, फिल्म भरणाऱ्याचे नाही. या दृष्टीने सरस्वतीबाईंची नोंद राहिली हा अपवादच म्हटला पाहिजे.

निगेटिव्हवरून कालनिर्धारण :
१२० फिल्मवर ६ × ९ सें.मी.ची ८, ६ × ६ ची १२ किंवा ६ × ४.५ ची १६ चित्रे येतात. बडोद्यात तयार होणाऱ्या आग्फा क्लिक-३ ची निगेटिव्ह चौरस असे. कडेला छिद्रे असलेली ३५ मि.मी. फिल्म तयार डबीतून मिळू लागली ती १९३४ पासून. ६२० क्रमांकाची फिल्म मात्र १२० एवढ्याच रुंदीची असल्याने त्या दोहोंतील भेद निगेटिव्हवरून नव्हे, तर रिळावरून कळतो. म्हणून जुन्या पेटीत सापडलेले रिकामे रीळ टाकून देण्याजोगे नाही.

फिल्मच्या कडेवरील अक्षरे अधिक बोलकी असतात. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सार्वजनिक कारखान्याचे उत्पादन १९६७ मध्ये सुरू झाले आणि पुढे तो बंद पडला. त्याची ‘इंदू’ ही मुद्रा कडेवर असल्यास ती निगेटिव्ह १९६७ पूर्वीची असू शकत नाही. परभणी जिल्ह्यात या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाची म्हणून एखादी प्रतिमा १७ सप्टेंबरच्या प्रदर्शनात मांडली जाते तेव्हा ती १९४८ ची आहे की नंतरच्या एखाद्या समारंभाची, हे ठरविण्यास फिल्मची कड उपयोगी पडते. येथे घाई मात्र नको. जुन्या छापील चित्राचेच पुन्हा चित्र घेऊन नवी निगेटिव्ह करण्याची प्रथा स्टुडिओंत सर्रास होती. अशा वेळी कड नकलेचा काळ सांगते, प्रसंगाचा नव्हे. मूळ कागदाच्या कडा, घड्या वा डाग निगेटिव्हमध्ये उमटले असतील तर ती नक्कल समजावी.

रोल महाग असल्याने तो घरगुती कॅमेऱ्यात महिनोन्‌महिने राहू शकत असे. त्यामुळे एकाच पट्टीवर पोळा आणि संक्रांत दोन्ही आढळल्यास आश्चर्य नाही. पट्टी सलग असेल तर प्रसंगांचा क्रम निश्चित होतो; ती कापून निगेटिव्ह सुट्या केल्या की हा पुरावा नष्ट होतो. एकावर एक उमटलेल्या दोन चित्रांत कलात्मक हेतू शोधण्याआधी, कळ फिरवावयाची राहून गेली असावी, ही शक्यता तपासावी. पेडगाव परिसरात सर्वेक्षण करताना नोंदपत्रकात निगेटिव्हचे माप, कडेवरील अक्षरे, पट्टीतील स्थान आणि घरात रोल कोण टाकीत असे, हे चार रकाने असावेत. ॲसिटेटच्या निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला असेल तर ती वेगळी ठेवून तिची प्रत सर्वांत आधी करावी.