वारसा आणि विश्वस्तवृत्ती : जयंतराव टिळक व 'केसरी'

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासलेखनात संस्थापक-संपादकांना मिळालेले महत्त्व त्यांच्या वारसांना क्वचितच मिळाले आहे. वस्तुतः वृत्तपत्र दीर्घकाळ टिकते ते दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने ते कसे सांभाळले यावर. छापखाना, इमारत व भांडवल यांचा वारसा कायद्याने मिळतो. वाचकांच्या विश्वासाचा मिळत नाही. 'केसरी'च्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कारण लोकमान्य टिळकांच्या पश्चात हे पत्र कुटुंबाच्या खासगी मालकीत न राहता विश्वस्त मंडळाकडे गेले. अशा परिस्थितीत टिळकांचे नातू जयंतराव टिळक (१९२१-२००१) यांना नेमका कोणता वारसा मिळाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मालकीकडून विश्वस्त मंडळाकडे

४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झालेले 'केसरी' हे मुळात कुटुंबाचे पत्र नव्हते. चिपळूणकर, आगरकर, टिळक, नामजोशी, आपटे अशा सहकाऱ्यांचा तो सामुदायिक उपक्रम होता व त्याचे पहिले संपादक आगरकर होते. आगरकरांशी मतभेद झाल्यानंतर १८८७ मध्ये संपादकपद टिळकांकडे आले आणि पुढे कर्जाच्या बोज्यासह पत्राची मालकीही त्यांच्याकडे आली. १८९७ व १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यांत टिळकांना झालेल्या शिक्षांमुळे 'केसरी' म्हणजे टिळक असे समीकरण लोकमानसात रुजले.

तरीही राष्ट्रकार्याची साधने ही लोकांची ठेव आहे, ही धारणा त्या काळात प्रबळ होती. मावळातील तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये सुरू झालेला पैसा फंडाचा काच कारखाना सामान्य माणसांच्या वर्गणीतून उभा राहिला होता. 'केसरी' वर्गणीवर उभा नसला तरी १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांचे निधन झाल्यावर 'केसरी-मराठा' संस्थेचा कारभार विश्वस्तांनी पाहावा, यामागे हीच धारणा दिसते. न. चिं. केळकर हे या पर्वातील प्रमुख संपादक होत.

श्रीधरपंत : वारशाची दुसरी बाजू

या व्यवस्थेची किंमत कुटुंबाला मोजावी लागली. टिळकांचे पुत्र रामभाऊ व श्रीधरपंत यांचे विश्वस्तांशी तीव्र मतभेद झाले. कुटुंबाचे निवासस्थान व 'केसरी'चे कार्यालय ही दोन्ही गायकवाड वाड्यातच असल्याने हा वाद दैनंदिन जीवनात शिरला. तो केवळ मालमत्तेचा नव्हता. टिळकांच्या विचारांचा अर्थ कोणी लावायचा, हाही त्यातील प्रश्न होता. श्रीधरपंत सामाजिक समतेचे पुरस्कर्ते व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्नेही होते. एप्रिल १९२८ मध्ये त्यांनी गायकवाड वाड्यात समाज समता संघाची शाखा स्थापन केली व सहभोजन घडवून आणले. त्या प्रसंगी डॉ. आंबेडकर उपस्थित होते. पुढच्याच महिन्यात, २५ मे १९२८ रोजी, श्रीधरपंतांनी आत्महत्या केली. तत्पूर्वी त्यांनी डॉ. आंबेडकरांनाही पत्र लिहिले होते. त्या वेळी जयंतराव सात वर्षांचेही नव्हते.

आजोबांचे वैभव व वडिलांची शोकांतिका असा दुहेरी वारसा जयंतरावांना मिळाला. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना पहिल्याचाच उल्लेख होतो. दुसऱ्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे.

जयंतरावांची कारकीर्द

केळकरांनंतरच्या काळात टिळकांचे दौहित्र ग. वि. केतकर यांनीही काही काळ 'केसरी'चे संपादन केले. १९५० च्या सुमारास संपादनाची धुरा जयंतरावांकडे आली. तोवर परिस्थिती बदलली होती. परकीय सत्तेविरुद्ध लढणे हे पत्राचे मूळ प्रयोजन १९४७ मध्ये संपले होते. ना. भि. परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी सुरू केलेल्या 'सकाळ'ने अग्रलेखापेक्षा बातमीला प्राधान्य देणारी दैनिक पत्रकारिता पुण्यात रुजवली होती. 'केसरी' मात्र मतपत्राच्या परंपरेत वाढलेला होता. १९६२ मध्ये 'केसरी'चे दैनिकात रूपांतर झाले. या बदलामुळे पत्र काळाबरोबर आले. परंतु ज्या क्षेत्रात इतरांनी तीन दशके आधी पाय रोवले होते, तेथे त्यास स्पर्धा करावी लागली.

लोकलढ्यांत जयंतराव प्रत्यक्ष सहभागी होते. गोवा मुक्तीसाठी पुण्यात स्थापन झालेल्या गोवा विमोचन सहायक समितीचे केशवराव जेधे अध्यक्ष, तर जयंतराव चिटणीस होते. या जोडीस ऐतिहासिक अर्थ आहे. टिळक व चिपळूणकर यांच्यावर प्रखर टीका करणारे दिनकरराव जवळकर यांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक १९२५ मध्ये जेधे यांनीच प्रकाशित केले होते. त्यावरून झालेल्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी जेधे-जवळकरांच्या बाजूने काम चालविले होते. त्यानंतर तीन दशकांच्या आत जेधे व टिळकांचा नातू एका समितीचे पदाधिकारी झाले. ब्राह्मण-ब्राह्मणेतर संघर्षाने दुभंगलेल्या पुण्याच्या सार्वजनिक जीवनातील हे महत्त्वाचे स्थित्यंतर होय.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही जयंतराव होते. १९५७ मध्ये ते पुण्यातून विधानसभेवर निवडून आले. पुढे काँग्रेस पक्षात प्रवेश केल्यावर राज्यसभा सदस्य, राज्यातील मंत्री व १९८६ ते १९९८ या काळात विधान परिषदेचे सभापती अशी पदे त्यांनी भूषविली. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाशीही ते निगडित होते.

येथे एक आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. सत्तेवर अंकुश ठेवण्यासाठी जन्मलेल्या पत्राची सूत्रे सत्ताधारी पक्षाच्या नेत्याकडे असावीत काय? लोकमान्यही संपादक, काँग्रेसचे नेते व १८९५ पासून काही काळ मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य होते, असे उत्तर देता येईल. परंतु त्या वेळी सरकार परके होते. स्वकीयांचे राज्य आल्यावर संपादक व मंत्री या भूमिकांमधील अंतर अधिक काटेकोरपणे जपावे लागते. विश्वस्त मंडळ पत्राला मालकाच्या नफ्यापासून वाचवू शकते. चालकांच्या राजकीय निष्ठेपासून वाचवण्याची हमी देऊ शकत नाही.

तुलना

इंग्लंडमध्ये 'मँचेस्टर गार्डियन'चे वारस जॉन स्कॉट यांनी १९३६ मध्ये आपली मालकी सोडून पत्र विश्वस्तांच्या स्वाधीन केले. तेथे वारसाने स्वतः त्याग केला. 'केसरी'त वारसांसमोर विश्वस्त मंडळ आधीच उभे होते. त्यामुळे एकीकडे आदर्शाची परंपरा निर्माण झाली, तर दुसरीकडे संघर्षाची. याउलट 'सकाळ'ची मालकी १९८० च्या दशकात संस्थापकांच्या कुटुंबाबाहेर गेली. जयंतरावांनंतर त्यांचे पुत्र डॉ. दीपक टिळक (मृत्यू २०२५) यांनी 'केसरी'चे संपादन केले. म्हणजे विश्वस्त मंडळ असूनही व्यवहारात कुटुंबाचे सातत्य कायम राहिले.

निष्कर्ष

जयंतरावांची कारकीर्द मालकाची नव्हे, तर सांभाळणाऱ्याची होती. श्रीधरपंतांच्या काळात ज्या संस्थेशी कुटुंबाचा कलह झाला, तीच संस्था त्यांनी चालवली आणि साप्ताहिक म्हणून जन्मलेल्या पत्राचे दैनिकही याच कालखंडात झाले, हे त्यांचे यश होय. सत्ताकारणाशी जडलेले नाते ही त्या यशाची मर्यादा होती. गायकवाड वाड्यातील १९२८ च्या सहभोजनाचा विचार 'केसरी'च्या पुढील वाटचालीत कितपत उतरला, हे पाहिल्याशिवाय या वारशाचा इतिहास पूर्ण होणार नाही. त्यासाठी १९५० नंतरच्या अंकांचा सामाजिक प्रश्नांच्या अंगाने अभ्यास होणे गरजेचे आहे.