जपानमधील सिम-लॉक पद्धती आणि परदेशी रहिवासी : एक ऐतिहासिक आढावा (1994 ते 2021)

बीजसंज्ञा : सिम-लॉक, भ्रमणध्वनी संच, हप्तेबंदी, ओळख पडताळणी, परदेशी रहिवासी

प्रस्तावना

भ्रमणध्वनीचा संच विकत घेणे आणि त्याची सेवा विकत घेणे हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत, असे भारतीय ग्राहक प्रथमपासून गृहीत धरत आला आहे. 1995 मध्ये भारतात ही सेवा सुरू झाली तेव्हापासून जीएसएम पद्धतीत दुकानातून संच घ्यावा, हवे त्या कंपनीचे सिमकार्ड त्यात घालावे, हीच रीत रूढ झाली. सीडीएमए संचांचा काही वर्षांचा अपवाद वगळता तीत फारसा बदल झाला नाही. जपानमध्ये मात्र सेवा देणारी कंपनीच संच ठरवीत असे, तो आपल्या नावाने बाजारात आणीत असे आणि तो अन्य कंपनीच्या सिमकार्डावर चालू नये अशी तजवीजही करीत असे. या तजविजीस सिम-लॉक म्हणतात. तिचा उगम, तिचे टिकून राहणे व शेवटी तिचे जाणे यांचा विचार सामान्यतः जपानी ग्राहकाच्या दृष्टीने झाला आहे. प्रस्तुत निबंधात तो तेथे काही वर्षांसाठी राहावयास गेलेल्या परदेशी माणसाच्या बाजूने केला आहे.

भाड्याच्या संचापासून एक येनच्या संचापर्यंत

मार्च 1994 पर्यंत जपानमध्ये भ्रमणध्वनी संच विकत मिळत नसे. तो सेवा कंपनीकडून भाड्याने घ्यावा लागे. एप्रिल 1994 पासून खरेदीची मुभा मिळाली, परंतु संच कंपनीचा आणि ग्राहक तो वापरणारा, ही मूळ कल्पना खरेदीनंतरही पुसली गेली नाही. त्या काळच्या पीडीसी या जपानी पद्धतीत सिमकार्डच नव्हते. ग्राहकाचा क्रमांक दुकानात थेट संचात नोंदवला जाई. त्यामुळे कार्ड काढून दुसऱ्या संचात घालणे ही कृतीच अस्तित्वात नव्हती, व तिला अडवण्यासाठी कुलपाचीही गरज नव्हती.

ऑक्टोबर 2001 मध्ये एनटीटी डोकोमोने 'फोमा' ही तिसऱ्या पिढीची सेवा सुरू केली आणि तिच्याबरोबर कार्ड आले. कार्ड आले म्हणजे संच मोकळा झाला असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात येथूनच सिम-लॉकचा खरा इतिहास सुरू होतो. संचाची बरीचशी किंमत कंपनी विक्रेत्यास अनुदान म्हणून देई व ती मासिक शुल्कातून वसूल करी. परिणामी दुकानांत 'एक येन'चे, कधी 'शून्य येन'चे संच मांडलेले दिसत. असा संच घेऊन ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेला तर अनुदान बुडाले. म्हणून कुलूप. तांत्रिक गरज म्हणून ज्याचे समर्थन पुढे अनेकदा केले गेले, ते मुळात हिशेबाच्या वहीतून जन्मास आले होते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

या व्यवस्थेने जपानी संच अत्यंत प्रगत केले, याविषयी दुमत नाही. 1999 मधील आय-मोडमुळे हातातल्या संचावर पत्रव्यवहार व तिकिटे आली आणि 2000 मध्ये कॅमेरा आला. परंतु हे संच जपानबाहेर कोणाच्या उपयोगाचे नव्हते. एकाकी बेटांवर निराळ्या झालेल्या प्राण्यांवरून जपानी लोकांनीच त्यांना 'गालापागोस' फोन, संक्षेपाने 'गाराकेई', असे थट्टेचे नाव दिले.

नव्याने आलेला माणूस

2000 च्या सुमारास माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील भारतीय मोठ्या संख्येने टोकियोस जाऊ लागले व एदोगावा विभागातील निशी-कासाई येथे त्यांची वस्ती वाढली. पुण्यातील जपानी भाषेच्या अध्ययनाची जुनी परंपरा पाहता त्यांत मराठी भाषकही होते. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच एदोगावाच्या सभागृहावर निवडून आले. या लोकांनी भारतातून नेलेला जीएसएम संच जपानमध्ये सुरूच होत नसे, कारण जीएसएमचे जाळे त्या देशात कधी उभारलेच गेले नाही. गजर लावण्यापुरता तो उशाशी ठेवावा, इतकाच त्याचा उपयोग उरे.

म्हणजे संच तेथेच घेणे प्राप्त होते. घेताना साधारणतः 2 वर्षांचा करार करावा लागे आणि तो मध्येच मोडल्यास 9,500 येन व त्यावरील कर भरावा लागे. स्मार्टफोनच्या काळात किंमत 24 हप्त्यांत फेडण्याची पद्धत आली तेव्हा परदेशी ग्राहकापुढे निराळाच प्रश्न उभा राहिला. व्हिसाची उरलेली मुदत हप्त्यांच्या मुदतीहून कमी असेल तर हप्ते नाकारले जात व पूर्ण किंमत एकरकमी मागितली जाई. एका वर्षासाठी आलेल्या विद्यार्थ्याने पूर्ण किंमत मोजावी, तरीही त्याच्या संचावर कुलूप असावे आणि मायदेशी परतल्यावर तो संच निरुपयोगी ठरावा, ही स्थिती अनेक वर्षे टिकली. अनुदान घेतले नसताना अनुदानाच्या रक्षणासाठी घातलेले बंधन भोगणे, असे तिचे स्वरूप होते. तिचे समर्थन करणे कठीण आहे.

कुलूप निघण्याचा क्रम

अंतर्गत व्यवहार व दळणवळण मंत्रालयाने 2007 मध्ये नेमलेल्या अभ्यासगटाने संचाची किंमत व सेवेचे शुल्क वेगळे दाखवावे अशी शिफारस केली, पण सिम-लॉकचा निर्णय पुढे ढकलला. 11 जुलै 2008 रोजी सॉफ्टबँकेने आयफोन आणला तो कुलूपबंदच. कुलूप नसलेले आयफोन हाँगकाँगमध्ये मिळत. जाणकार मंडळी ते तेथून आणीत व जपान कम्युनिकेशन्स या कंपनीने 2010 मध्ये विकावयास घेतलेली, डोकोमोच्याच जाळ्यावर चालणारी सिमकार्डे त्यांत घालीत. हा मार्ग थोड्यांचा होता, पण कुलपावाचून जाळे कोसळत नाही हे त्याने दाखवून दिले.

जून 2010 मधील मार्गदर्शक तत्त्वे ऐच्छिक होती. त्यांनुसार एप्रिल 2011 पासून डोकोमो 3,150 येन घेऊन नव्या संचांचे कुलूप काढून देऊ लागली. इतरांनी फारसा उत्साह दाखवला नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये ॲपलने जपानमध्ये स्वतः 'सिम फ्री' आयफोन विकण्यास प्रारंभ केला. मे 2015 नंतर बाजारात आलेल्या संचांचे कुलूप मागणीनुसार काढून देणे बंधनकारक झाले, मात्र कंपन्यांनी त्यास खरेदीनंतर सुमारे 180 दिवसांची अट जोडली. ती पुढे 100 दिवसांवर आली. ऑक्टोबर 2019 च्या कायदेशीर सुधारणेने करार मोडण्याचा दंड कमाल 1,000 येन केला आणि 1 ऑक्टोबर 2021 पासून विक्रीस येणाऱ्या संचांवर कुलूप घालण्यासच तत्त्वतः मनाई झाली. शिफारशीपासून मनाईपर्यंत 14 वर्षे लागली.

मोकळ्या संचाची अपूर्णता

बाहेरून आणलेला मोकळा संच जपानमध्ये सर्वस्वी चाले, असेही नव्हते. डोंगराळ भागात डोकोमोची सेवा 800 मेगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यावर अवलंबून होती, तो पट्टा परदेशी बाजारासाठी बनवलेल्या अनेक संचांत नसे. टोकियोत उत्तम चालणारा फोन खेड्यात मुका होई. शिवाय रेडिओ कायद्यानुसार संचावर तांत्रिक अनुरूपतेची जपानी खूण असावी लागते. 2016 मध्ये पाहुण्यांच्या संचांना वाय-फायच्या वापरासाठी प्रवेशापासून 90 दिवसांची सवलत मिळाली, पण तेथे राहणाऱ्यास ती लागू नाही. याहून गंभीर बाब भूकंपाच्या इशाऱ्याची होती. डोकोमोने 2007 च्या अखेरीस हा इशारा संचांवर पाठवण्याची व्यवस्था केली. जपानसाठी न बनवलेल्या बऱ्याच संचांत ती नव्हती, आणि खुद्द आयफोनवर ती 11 मार्च 2011 च्या महाभूकंपानंतर, त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये आली.

क्रमांकाचे कुलूप

संचाचे कुलूप सैल होत असतानाच दुसरे एक बंधन आवळले जात होते, आणि परदेशी रहिवाशाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे ठरले. दूरध्वनीवरून मुलगा वा नातू असल्याची बतावणी करून वृद्धांना लुबाडण्याचे प्रकार 2003-04 पासून वाढले. त्यांत निनावी प्रीपेड फोन वापरले जात. यावर उपाय म्हणून 2005 मध्ये कायदा संमत झाला आणि एप्रिल 2006 पासून आवाजी सेवा घेताना ओळख पडताळणी अनिवार्य झाली. हेतू रास्त होता. परंतु जपानी नागरिकाजवळ ओळखीची साधने असतात आणि नवागताजवळ ती क्रमाक्रमाने येतात. जुलै 2012 पासून दिल्या जाणाऱ्या निवासपत्रावर पत्त्याची नोंद व्हावी यासाठी घर ठरल्यावर 14 दिवसांत पालिकेत जावे लागते. घर देणारा फोन क्रमांक विचारतो. क्रमांक देणारी कंपनी बँक खाते वा क्रेडिट कार्ड मागते. बँक पुन्हा क्रमांक मागते. विदेशी विनिमय कायद्याखाली पहिले 6 महिने परदेशी व्यक्ती सामान्यतः अनिवासी गणली जात असल्याने खातेही सहज उघडत नाही.

या चक्रातून अनेकांनी केवळ डेटा देणाऱ्या सिमकार्डाचा आश्रय घेतला, कारण 2006 ची सक्ती आवाजी सेवेपुरती होती. मोकळ्या संचात असे कार्ड घातले की घरच्यांशी बोलणे होते, नकाशा दिसतो, निरोप जातात. परंतु त्यास 090 किंवा 080 ने सुरू होणारा क्रमांक नसतो आणि त्यावरून 110 वर पोलिसांना वा 119 वर रुग्णवाहिकेला नेहमीसारखा फोन लावता येत नाही. संच अद्ययावत, जाळे उत्कृष्ट, आणि आजारी पडल्यावर शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागावे, ही विसंगती 2021 च्या मनाईने सुटली नाही. ती संचाविषयी होती. 2024 मध्ये सरकारने ऑनलाइन करारांसाठी ओळखपत्राच्या छायाचित्राऐवजी त्यातील चिप वाचण्याकडे वळण्याचे धोरण ठरवले, म्हणजे निवासपत्र हाती येण्यापूर्वीचे दिवस अधिकच अवघड.

परतीच्या वेळी या दोन कुलपांतील फरक स्पष्ट दिसतो. 2021 नंतर टोकियोत घेतलेला संच पुण्यात आणून त्यात येथील सिमकार्ड घातले तर तो बिनतक्रार चालतो. छायाचित्र घेताना होणारा, जपानी कंपन्यांनी परस्पर संकेताने रूढ केलेला व सहसा बंद न करता येणारा आवाज तेवढा काही संचांत त्याच्याबरोबर येतो. क्रमांक मात्र करार संपताच कंपनीकडे परत जातो, आणि त्या क्रमांकावर येणारे बँकेचे सांकेतिक आकडेही त्या दिवसापासून येत नाहीत.