कृष्णधवल व्यक्तिचित्र आणि लोणावळ्याची मुद्रणशाळा

जुन्या छायाचित्रातील चेहरा पाहून त्या व्यक्तीचा वर्ण, वेष व स्वभाव ह्यांविषयी अनुमाने काढण्याचा प्रघात आपल्या इतिहासलेखनात रूढ आहे. ही अनुमाने कितपत ग्राह्य मानावीत, ह्याचा विचार करण्यास मावळातील एक लहानसे प्रकरण उपयोगी पडेल.

१८६३ मध्ये बोरघाटाचा रेल्वेमार्ग खुला झाला आणि लोणावळे मुंबई व पुणे ह्या दोन्ही शहरांशी जोडले गेले. रविवर्मा ह्यांचा १८९४ मध्ये मुंबईत निघालेला शिलामुद्रणाचा छापखाना १८९९ मध्ये जवळच्याच मळवलीस आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. मुख्यतः ह्याच छापखान्याचे काम करण्यासाठी धुंडिराज गोविंद फाळके ह्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोणावळ्यास मुद्रणशाळा काढली. चित्रपटकार फाळके सर्वांस परिचित आहेत. परंतु तत्पूर्वी ते व्यवसायाने छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा केला. तेथे प्लेगने पत्नी व अपत्य गेल्यावर बडोद्यास तोच व्यवसाय पुन्हा मांडला. कॅमेरा माणसाचे आयुष्य ओढून घेतो, ह्या लोकसमजुतीमुळे तो चालला नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

ही समजूत अर्थातच भ्रामक होती. तथापि कॅमेरा चेहऱ्यातून काहीच काढून घेत नाही, असेही म्हणता येत नाही. त्या काळच्या सामान्य काचा निळ्या प्रकाशास तत्पर, तर तांबड्यास जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे कुंकू काळे उमटे, गव्हाळ वर्ण अधिक सावळा दिसे आणि फिकट निळे वस्त्र पांढरे भासे. सर्व रंगांस संवेदनशील अशा काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या. शिवाय आरंभीच्या काळात प्रकाशनास लागणारा वेळ दीर्घ असल्याने मानेमागे लोखंडी टेकू लावीत. ज्यास आपण करारीपणा म्हणतो, तो पुष्कळदा त्या टेकूचा परिणाम असतो.

दुसरे संस्करण मुद्रणात घडे. गालावरची सावली हळूहळू गडद होत जाते. पण छपाईच्या शाईस अशी क्रमवार छटा ठाऊक नाही, ती एक तर लागते किंवा लागत नाही. म्हणून हाफटोन ब्लॉक करताना आडव्याउभ्या रेघांच्या जाळीतून छायाचित्र घेऊन छटेचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करीत. समोरून सपाट उजेड पाडलेला चेहरा ह्या जाळीतून निर्जीव होई. बाजूच्या खिडकीतून येणाऱ्या मवाळ उजेडातील चेहऱ्याचा उठाव मात्र टिके. फाळके ह्यांच्या लोणावळ्याच्या मुद्रणशाळेत प्रथम शिलामुद्रणासाठी छायाचित्रांवरून छाप उतरवीत. ब्लॉक व तिरंगी छपाई नंतर सुरू झाली. काम वाढल्यावर ती दादरला हलविण्यात आली. मळवलीचा छापखाना १९७२ च्या आगीत जळाला आणि मूळ साधनांचा मोठा साठा नष्ट झाला.

ह्यावरून निष्कर्ष असा की, कृष्णधवल व्यक्तिचित्र हे साधन म्हणून वापरण्यापूर्वी काच, उजेड व छपाई ह्या तिहींची परीक्षा केली पाहिजे. तसे केल्यास वर्णाविषयीची कित्येक विधाने मागे घ्यावी लागतील; परंतु दागिन्यांची घडण, पागोट्याची बांधणी आणि बसण्याची रीत ह्यांविषयीची साक्ष पुष्कळ अंशी विश्वसनीय ठरेल.