बाटलीच्या कुशीसारखी काच



आपल्या तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला, माणशी एक पैसा गोळा करून. काचेचं कौतुक मावळाला जुनंच. आजची गोष्टही काचेचीच, पण चष्म्याच्या आणि इंग्लंडातली.

जॉर्ज एअरी हा केंब्रिजचा गणिती. वाचताना आपला डावा डोळा कामच करत नाही, हे त्याच्या बऱ्याच उशिरा ध्यानात आलं. त्यानं कार्डाला बारीक भोक पाडून त्यातला उजेड त्या डोळ्यानं पाहिला. ठिपका दिसायला हवा होता, दिसली रेघ! कार्ड मागेपुढे केलं तर रेघ काटकोनात वळली. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला चेंडूसारखी सगळीकडून सारखी गोलाई असावी लागते. काहींची ती चमच्याच्या पाठीसारखी असते, एका बाजूनं जास्त, दुसऱ्या बाजूनं कमी. साध्या गोल काचेनं हे पुरतं सुधारत नाही. म्हणून १८२५ च्या सुमारास एअरीनं बाटलीच्या कुशीसारखी, एकाच दिशेनं बाक असलेली काच घासून घेतली. त्याआधी १८०१ मध्ये थॉमस यंगनं हा दोष स्वतःच्या डोळ्यात मोजला होता, पण त्याचं काही अडत नव्हतं, म्हणून त्यानं चष्मा केला नाही. पुढं या दोषाला ‘अ‍ॅस्टिग्मॅटिझम’ नाव पडलं. डॉक्टर सांगतात तो ‘सिलिंडरचा नंबर’ हाच.

आता बघा, तारे मोजणाऱ्या माणसाला आपला एक डोळा कळला नाही, तर नाणे मावळातल्या पहिलीच्या पोरीला कसा कळावा? तिला जग तसंच दिसत आलंय. ती ‘ब’चा ‘व’ वाचते, मान वाकडी करते, डोळे बारीक करते, डोकं दुखतं म्हणते. आणि आपण तिला ‘ढ’ म्हणून मोकळ्या होतो! एकाच डोळ्यात दोष असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा लागला तर तो डोळा सुधारण्याची आशा जास्त. नंतर अवघड होत जातं. ‘मुलीला चष्मा नको, लग्नाला अडचण’ म्हणणाऱ्या आजीबाईंना हे जरूर ऐकवा.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं. तपासणी मोफत असते. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. तोवर भिंतीवरचं कॅलेंडर आहेच: एक डोळा तळहातानं, न दाबता, झाकायचा आणि लांबून आकडे वाचायला सांगायचे. मग दुसरा.