चुकीची उत्तरं जपून ठेवणारी माणसं : उताऱ्यावरच्या प्रश्नांचा थोडा इतिहास

नेट किंवा पेटची तयारी करणाऱ्यांमध्ये इंग्रजी उताऱ्याबाबत दोन गट दिसतात. एका गटाला ते फुकटचे मार्क वाटतात. नेटच्या पेपर एकमध्ये ५० पैकी ५ प्रश्न उताऱ्यावर, उत्तर समोरच छापलेलं, मग तयारी कसली करायची? दुसरा गट बहुतेक मराठी माध्यमातून आलेला. उतारा दिसला की यांच्या पोटात गोळा येतो. पण उत्तर चुकलं की दोन्ही गट कारण एकच देतात : "शब्द अडला."

हे कारण कितपत खरं आहे? त्यासाठी शंभरेक वर्षं मागे जाऊ या.

१९१७ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक शोधनिबंध छापला. विषय होता परिच्छेद वाचताना होणाऱ्या चुका. तोवर शाळेत वाचन म्हणजे बव्हंशी मोठ्याने, न अडखळता वाचून दाखवणं. थॉर्नडाइक यांनी शाळकरी मुलांना एक छोटा परिच्छेद दिला, खाली प्रश्न दिले आणि उत्तरं लिहायला सांगितली. परिच्छेद पुन्हा पुन्हा बघायची मुभा होती, म्हणजे स्मरणशक्तीचा प्रश्नच नव्हता.

त्यातला एक परिच्छेद प्रसिद्ध आहे. फ्रँकलिन नावाच्या गावातला शाळेचा नियम. सात ते चौदा वर्षांच्या मुलांनी शाळा भरते त्या प्रत्येक दिवशी हजर राहायचं. अपवाद तीन : मूल स्वतः फार आजारी असेल, घरात कुणाला संसर्गजन्य रोग असेल, किंवा रस्ते जाण्यासारखे नसतील. एवढंच. आणि पहिलाच प्रश्न असा, की या परिच्छेदाचा विषय काय?

काही मुलांनी लिहिलं, "फ्रँकलिन". काहींनी नुसतं "शाळा".

आता बघा, ही इंग्रजी बोलणाऱ्या देशातली मुलं. परिच्छेदात दोन-तीन शब्द जड होते हे मान्य, पण "फ्रँकलिन" लिहिणारा मुलगा त्या शब्दांपाशी अडला होता असं म्हणता येत नाही. त्याच्या डोक्यात एक शब्द गरजेपेक्षा मोठा झाला आणि बाकीचे त्याच्या सावलीत गेले. थॉर्नडाइक यांचं निदान हेच. वाचताना प्रत्येक शब्दाला वजन द्यावं लागतं. काहींना जास्त वजन मिळतं, काहींना फार कमी, आणि मग शब्दांचे एकमेकांशी असलेले संबंध चुकतात. म्हणून परिच्छेद समजणं हे त्यांना गणित सोडवण्यासारखं वाटलं. दिलेल्यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं, कशाला कशाशी जोडायचं, हे डोक्याला ठरवावं लागतं.

मला या निबंधात सगळ्यात आवडते ती एक साधी गोष्ट. त्यांनी मुलांची चुकीची उत्तरं जशीच्या तशी छापली. नुसते टक्के दिले असते तर आज आपल्याला फक्त मान डोलवता आली असती. उत्तरं समोर आहेत म्हणून त्यांच्या निदानाशी भांडताही येतं. तुम्ही उद्या प्रश्नावली तयार कराल, तिचा तक्ता कराल, तेव्हा कच्ची उत्तरं फेकून देऊ नका.

मग शब्दांचं काय, त्यांना काहीच महत्त्व नाही? आहे की. तो धागा ढाक्याला जातो. तिथे शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते मायकेल वेस्ट. १९२६ साली त्यांचा बंगालमधल्या द्विभाषिकतेवरचा मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी विम्याच्या व्यवहारातली 'सरेंडर व्हॅल्यू' ही कल्पना शाळेला लावली. पॉलिसी मध्येच सोडली तर हातात काय पडतं? तसंच, इंग्रजी शिकणारी पुष्कळ मुलं शाळा अर्ध्यावर सोडतात, त्यांच्या हातात काय राहतं? वेस्ट म्हणाले, वाचता येणं आधी शिकवा, म्हणजे निदान तेवढं तरी पदरात पडेल. वसाहतीतल्या अधिकाऱ्याने 'तुम्हाला वाचण्यापुरतं इंग्रजी पुरे' असं सांगणं आज खटकतं, खटकायलाही हवं. पण गळती झालेल्या मुलाचा हिशेब त्यांनी मांडला, हे नाकारता येत नाही.

चालू पाठ्यपुस्तकांत नवे शब्द फार दाटीने येतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी दुर्मीळ शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द घातले आणि नवा शब्द पुरेशा ओळखीच्या शब्दांनंतरच येईल अशी वाचनमाला तयार केली. पुढे १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी आली आणि ती जगभर वापरली गेली. म्हणजे "शब्द अडला" या तक्रारीवर इलाज शोधण्यात या माणसाने उभा जन्म घातला. इलाज चाललाही. फक्त त्याने 'फ्रँकलिन'चा आजार बरा होत नाही.

हे दाखवून दिलं केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स यांनी. त्यांनी विद्यार्थ्यांना कवीचं नाव काढून टाकलेल्या कविता दिल्या, आठवडाभर वेळ दिला आणि प्रतिक्रिया लिहून घेतल्या. १९२९च्या पुस्तकात अशा तेरा कविता आणि त्यांच्यावरचे ते कागद आहेत. मातृभाषा इंग्रजी असलेल्या, इंग्लंडातल्या निवडक विद्यार्थ्यांना कितीतरी ठिकाणी साधा सरळ अर्थच लागला नव्हता. कुणाला स्वतःची जुनी आठवण आडवी आली, कुणाला ठरलेली भावना, कुणाला आधीच पक्कं असलेलं मत. रिचर्ड्स यांनी अडचणींची यादी केली आणि साधा अर्थ न लागणं तिच्यात पहिलं ठेवलं. इंग्रजी शोधनिबंध समजला नाही म्हणून तुम्ही स्वतःला कमी लेखत असाल तर हे पुस्तक जरूर चाळा.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी. महाराष्ट्रात कित्येक घरांत इंग्रजी शिकलं गेलं ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर. आज तिला जुनाट म्हणायची पद्धत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. इंग्रजी वाक्यात 'अनलेस' बहुतेकदा मध्ये किंवा शेवटी येतो. मराठीत अट आधी मांडावी लागते. त्यामुळे भाषांतर करणाऱ्याला वाक्य शेवटपर्यंत वाचून मागे यावंच लागतं. 'अनलेस', 'ओन्ली', 'मे', 'ॲट लीस्ट' हे शब्द शब्दकोशात बघायची गरज कुणालाच वाटत नाही, आणि शोधनिबंधाचा सगळा दावा अनेकदा त्यांच्यावरच उभा असतो. 'परिणाम होतो' आणि 'परिणाम होत असावा' यात एक पीएचडी मावते!

पाठमालेची मर्यादा अशी, की ती एका वाक्यापाशी थांबते. परिच्छेदातलं तिसरं वाक्य पहिल्याला कसं छेद देतं, हे ती शिकवत नाही. त्यासाठी प्रश्नच लागतात.

आता आपल्या परीक्षेकडे या. थॉर्नडाइकच्या मुलांनी उत्तरं स्वतः लिहिली होती. आपण चार पर्यायांतून एक निवडतो. म्हणजे चुकीचं उत्तरही परीक्षकानेच तयार करून ठेवलेलं असतं, आणि पुष्कळदा ते उताऱ्यातला एखादा ठळक शब्द उचलून बनवलेलं असतं. 'फ्रँकलिन' आता पर्याय ब होऊन बसलाय. सरावात नुसती उत्तरसूची ताडून पाहिली तर 'ब चुकलं, क बरोबर' एवढंच कळतं. आपण का घसरलो ते कळत नाही.

म्हणून करून बघा. पर्यायांवर कागद ठेवा. उतारा वाचा, प्रश्न वाचा आणि उत्तर आपल्या शब्दांत लिहा, मराठीत लिहिलंत तरी चालेल. मग उताऱ्यातल्या ज्या शब्दांवर ते उत्तर उभं आहे त्यांच्याखाली रेघ मारा. त्यानंतरच कागद काढा. उत्तर चुकलं तर खोडू नका. बाजूला लिहा, कोणत्या शब्दाला जास्त वजन दिलं आणि कोणता नजरेतून सुटला. दिवसाला एकच उतारा घ्या. पंधरा-वीस उतारे झाले की ती वही एका बैठकीत सलग वाचा आणि कोणता शब्द पुन्हा पुन्हा सुटतोय ते मोजा.