झाडीपट्टीचा ऑर्गन आणि मुंबईची विसरलेली तबकडी

१/ १९८२ साली महाराष्ट्रात दोन घटना घडल्या. परस्परांशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. २६ ऑगस्टला चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी मुंबईतील एका वादकाने जपानी यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. आजच्या धाग्यात या दोन टोकांना एकत्र गुंफायचे आहे. कारण दोहोंच्या मध्ये एकच प्रश्न उभा आहे : जुने संगीत टिकते, तेव्हा ते नेमके कशाच्या बळावर टिकते?

२/ आधी मुंबई. वादकाचे नाव चरणजित सिंग. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि कीबोर्ड वाजविणाऱ्या शेकडो हातांपैकी हे दोन हात. गाणे घराघरांत पोहोचे, गायक-संगीतकारांची नावे तबकडीवर छापली जात. वादकाचे नाव मात्र बहुधा कोठेच येत नसे. ही निनावी अवस्था लक्षात ठेवावी. धाग्याच्या अखेरीस ती पुन्हा भेटणार आहे.

३/ सिंग यांच्याजवळ रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे होती. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाचे स्वर वाजविणारे छोटे यंत्र. यांतील ३०३ हे १९८१ मध्ये बाजारात आले ते बेस गिटारवादक हजर नसताना सरावाला साथ मिळावी म्हणून. त्याचा आवाज खऱ्या गिटारसारखा मुळीच नव्हता. ग्राहकांनी पाठ फिरविली आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

४/ तबकडीचे नाव होते ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. दहाही रागांच्या खाली डिस्कोचा अखंड ठोका.

५/ कल्पना वरकरणी विचित्र वाटते. पण तिच्यामागे तर्क आहे. पाश्चात्त्य गाण्यात स्वरसंघ सतत बदलतात, म्हणून तेथे यंत्राला पुनःपुन्हा नव्या सूचना द्याव्या लागतात. रागात षड्ज अढळ असतो. एकदा लावलेला खर्जाचा आकृतिबंध यंत्राने तासभर फिरवीत ठेवला तरी राग मोडत नाही. शिवाय ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. मींडेची सवय असलेल्या कानाला ती परकी वाटली नाही.

६/ तबकडी खपली नाही. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ती थिल्लर वाटली असावी, आणि डिस्कोच्या शौकिनाला गाणे हवे होते, आलाप नव्हे. पुढे पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेतील शिकागो शहरात फ्युचर नावाच्या गटाने बाजाराने टाकून दिलेल्या त्याच ३०३ वर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ वाजविले आणि ‘अ‍ॅसिड हाउस’ हा नवा संगीतप्रकार रूढ झाला.

७/ २००२ मध्ये एका डच संग्राहकाला दिल्लीत सिंग यांची तबकडी सापडली. २०१० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली, आणि युरोपातील श्रोते चकित झाले : हे तर शिकागोच्या आधीचे! शिकागोच्या तरुणांनी मुंबईची तबकडी ऐकली होती, याला कोणताही पुरावा नाही. सारखी यंत्रे दोन दूरच्या शहरांत पोहोचली आणि सारख्या वाटेने गेली, एवढेच. पण त्यामुळे सत्तरीच्या उंबरठ्यावरचे सिंग पुन्हा मंचावर आले, युरोपात वाजवून आले. जुलै २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

८/ पुनरुज्जीवनाचा हा परिचित साचा आहे. वस्तू विस्मरणात जाते, संग्राहकाच्या हाती लागते, नव्या वेष्टनात निघते आणि नवी पिढी तिच्यावर लुब्ध होते. केट बुश यांचे १९८५ चे एक गाणे २०२२ मध्ये एका दूरचित्रमालिकेमुळे ब्रिटनच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले. मध्ये ३७ वर्षे गेली होती. ऐंशीच्या दशकातील सिंथेसायझरच्या गाण्यांची मोहिनी आजही ओसरलेली नाही. त्या यंत्रांच्या मर्यादा ऐकू येतात, आणि त्या मर्यादांशी झटणारा माणूसही ऐकू येतो.

९/ आता नकाशावर पूर्वेकडे यावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. दाट अरण्याचा हा प्रदेश ‘झाडी’ म्हणून ओळखला गेला आणि येथील नाट्यपरंपरेला ‘झाडीपट्टी रंगभूमी’ हे नाव मिळाले. तिची बाजारपेठ म्हणजे वडसा, अर्थात देसाईगंज. गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावरील या गावात डझनावारी नाट्यमंडळ्यांची कार्यालये आहेत. हंगाम आला की भिंती नाटकांच्या रंगीत फलकांनी झाकून जातात.

१०/ हंगाम ठरतो तो धानावरून. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते. हाती पैसा आणि अंगाला उसंत एकदमच मिळते. गावोगावी मंडई भरते, शंकरपटात बैलजोड्या धावतात, लेकी-जावई, सोयरे-धायरे मुक्कामाला येतात, सोयरिकीची बोलणी होतात. आलेल्या पाहुण्याला रात्री काय दाखवायचे? नाटक. हा क्रम होळीच्या आगेमागेपर्यंत चालतो.

११/ या परंपरेचे मूळ लोककलांत आहे. दंडार, खडी गंमत, डहाका हे प्रकार येथे पूर्वापार चालत आले. त्यांवर पुढे संगीत नाटकाचा संस्कार झाला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. बोलपट आल्यावर, १९३२ नंतर, पश्चिम महाराष्ट्रात त्या युगाला उतरती कळा लागली. झाडीत मात्र गाण्यावाचून नाटक ही कल्पनाच रुजली नाही.

१२/ आरंभी गावचेच तरुण नाटक बसवीत. शेतकरी राजा होई, शिक्षक खलनायक होई, स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पुढे स्त्री-कलावंत, वादक आणि रंगमंचाचे साहित्य बाहेरून आणण्याची पद्धत पडली. त्यातूनच हळूहळू व्यावसायिक मंडळ्या उभ्या राहिल्या. आज गावातील मंडळ कंपनीशी ठरावीक रकमेचा करार करते, कनाती लावून जागा बंदिस्त करते आणि तिकिटे विकते. नफा-तोट्याचा भार गाव उचलते.

१३/ येथेच या रंगभूमीच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण सापडते. शहरात प्रेक्षक नाटकाकडे जातो. झाडीत गाव नाटकाला बोलावते. ज्याने बोलावले त्याची प्रतिष्ठा पणाला लागते. प्रयोग पडला तर तो कंपनीचा पडतो, आणि गावाचाही पडतो. म्हणून पौषातील थंडीत घोंगड्या पांघरून शेकडो माणसे पहाटेपर्यंत जमिनीवर बसून राहतात.

१४/ आणि या साऱ्याच्या पुढ्यात, रंगमंचाला लागून, वादक बसलेले असतात. ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. नट रडला की ऑर्गन रडतो. विनोदी पात्राने कोलांटी घेतली की तबला दचकतो. खलनायक दारातून आत आला की ऑक्टोपॅडवर वीज कडाडते. नाटके अनेक आणि तालमी थोड्या, त्यामुळे प्रॉम्प्टरचा आधार घेतच प्रयोग पुढे जातो. एखाद्या नटाला शब्द सुचेपर्यंतचे दोन क्षण भरून काढण्याचे कामही वादकांकडेच येते.

१५/ या तीन वाद्यांचा वंशवृक्ष पाहण्याजोगा आहे. ऑर्गन युरोपातून आला. त्याचे भावंड असलेली पेटी आपण इतकी आपली केली की तिचे परकेपण विसरलो. आणि तरीही १९४० पासून सुमारे तीन दशके नभोवाणीने तिला बंदी केली होती. तिचे स्वर ठोकळ्यासारखे स्थिर, त्यांतून मींड निघत नाही, हा आक्षेप होता. भजनी मंडळांनी आणि नाटकवाल्यांनी त्या बंदीची पर्वा केली नाही. पेटी वाजत राहिली.

१६/ आणि ऑक्टोपॅड? आठ चौकोनी गाद्यांचे हे इलेक्ट्रॉनिक तालवाद्य १९८५ मध्ये बाजारात आणले ते रोलँडने. होय, चरणजित सिंग यांच्या तीन यंत्रांची जन्मदात्री असलेल्या त्याच कंपनीने. कंपनीने दिलेले नाव पुढे आपल्याकडे अशा सर्व वाद्यांचे सामान्यनाम झाले. लग्नाच्या वरातीपासून ऑर्केस्ट्रापर्यंत ते सर्वत्र गेले, आणि धानाच्या बांध्यांतून वाट काढीत झाडीच्या मंडपातही पोहोचले.

१७/ म्हणजे एकाच कंपनीची यंत्रे, आणि दोन भिन्न प्राक्तने. मुंबईची तबकडी काळाच्या पुढे होती, म्हणून एकाकी पडली. तिला तिचा श्रोता मिळायला २८ वर्षे लागली, आणि तोही सातासमुद्रापलीकडे. झाडीतील यंत्र कोणाच्याच पुढे गेले नाही. ते समोर बसलेल्या माणसांच्या हुंदक्याला आणि हशाला साथ देत राहिले. त्याचे पुनरुज्जीवन करण्याची वेळ आली नाही, कारण ते कधी मेलेच नव्हते.

१८/ यावरून झाडीची रंगभूमी अबाधित आहे असे मानण्याचे कारण नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या आणि ज्या शंकरपटाभोवती नाटकाची रात्र उभी राहत होती, तो आधारच गेला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने संबंधित कायदे वैध ठरविले. मधल्या काळात गावांनी मंडईच्या आधाराने नाटक जगविले. पण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि पडदाच खाली आला.

१९/ ज्या कलावंताची वर्षभराची मिळकत चार-पाच महिन्यांच्या रात्रींवर अवलंबून असते, त्याला एक हंगाम बुडणे म्हणजे काय, हे निराळे सांगायला नको. नटाला निदान चेहरा असतो, प्रेक्षक त्याला ओळखतो. अंधारात बसून ऑर्गन वाजविणाऱ्याला कोण ओळखणार?

२०/ २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. विनोदी भूमिकांनी तीन-चार पिढ्यांना हसविणाऱ्या या कलावंताच्या रूपाने राजधानीने झाडीपट्टीची दखल घेतली. त्याआधी डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दंडारीवर आणि झाडीबोलीवर आयुष्य वेचले होते. नवरगावसारख्या गावांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्येचा विषयही याच मंचावर आणला. उपेक्षेची तक्रार आज पूर्वीइतकी खरी नाही.

२१/ तरीही एक उणीव उरतेच, आणि ती मुंबईच्या तबकडीच्या शेजारी ठेवली की अधिक बोचते. सिंग यांचे संगीत विसरले गेले, पण ते काळ्या तबकडीवर कोरलेले होते. म्हणून ते पुन्हा सापडू शकले. झाडीच्या मंडपात एका रात्री वाजलेला ऑर्गन पहाटेबरोबर विरून जातो. जे संगीत दर रात्री नव्याने जन्मते, त्याला जतनाची गरज भासत नाही. आणि ज्या दिवशी ती भासते, त्या दिवशी जतन करण्याजोगे हाती काहीच नसते.

२२/ जिवंत परंपरेचे बळ आणि तिचा दुबळेपणा एकाच जागी असतात. लोक रोज वापरतात म्हणून ती टिकते, आणि रोज वापरतात म्हणूनच कोणी तिची नोंद ठेवीत नाही. एक पिढी वडशाकडून पुण्याकडे वळली, दोन-तीन हंगाम सलग हुकले, तर कोणत्याही डच संग्राहकाला कोठल्याही जुन्या दुकानात झाडीपट्टीचा ऑर्गन सापडणार नाही.

२३/ यावर मोठा उपाय सुचविण्याचा आव हा धागा आणत नाही. लहान उपाय मात्र आहेत. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, आरमोरी, कुरखेडा या भागांतील वाचकांच्या घरी जुनी नाटकांची पत्रके असतील, तर ती रद्दीत देऊ नयेत. गाव, तारीख आणि कलावंतांची नावे त्यांवर छापलेली असतात. काहींवर ऑर्गन आणि तबला वाजविणाऱ्यांचीही. इतिहासाला याहून चांगला कागद क्वचितच मिळतो.

२४/ आणि या हंगामात नाटकाला गेलात, तर भ्रमणध्वनीवर नाचाचे चित्रण करून झाल्यावर पाच मिनिटे तो वादकांकडे वळवावा. मध्यंतरात त्यांना नाव विचारावे, ऑर्गन कोणाकडून शिकलात ते विचारावे, आणि ते लिहून ठेवावे. चरणजित सिंग यांना त्यांचे नाव परत मिळायला २८ वर्षे लागली. झाडीतल्या वादकाला ते त्याच रात्री देता येईल.

समाप्त.